काशीदच्या पुळणीवरून आलेली गाडी : खाऱ्या पाण्यानंतरची एक दुरुस्ती

गाडी म्हणजे रिमोटवर चालणारा, खऱ्याच्या एक दशांश आकाराचा शॉर्ट कोर्स ट्रक (कच्च्या मैदानावरच्या शर्यतीच्या ट्रकची प्रतिकृती), ताकद फक्त मागच्या चाकांना. मोटर ब्रशवाली, ५५० आकाराची. बॅटरी दोन सेलची लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर. मोटरचा वेग सांभाळणारा ईएससी, स्टेअरिंग वळवणारा सर्व्हो आणि रिमोटचा संदेश घेणाऱ्या रिसीव्हरची डबी, हे सगळं ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकलेलं. मालक आमच्याच सोसायटीतला, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा.

मे महिन्याच्या अखेरीस तो मित्रांबरोबर काशीदला गेला होता. ओहोटीला उघडी पडणारी ओली, घट्ट पुळण म्हणजे अशा गाडीला मिळणारं उत्तम मैदान. टायर रुतत नाहीत, वेग पूर्ण लागतो आणि उतरत्या लाटेच्या फेसातून गाडी काढली की मागे पाण्याचा फवारा उडतो. तो मोह कुणालाही होईल. दोन बॅटऱ्या संपेपर्यंत गाडी तिथे धावली. नंतर त्याने ती ओल्या फडक्याने पुसली, दिसतील त्या स्क्रूंवर डब्ल्यूडी-४० मारलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि मोटारीच्या डिकीत ठेवली. पुण्याला आल्यावर पिशवी तशीच राहिली. जूनमध्ये पाऊस लागला आणि त्यानंतर एका संध्याकाळी गाडी माझ्याकडे आली.

“काका, स्टेअरिंग आपोआप थरथरतंय. मोटरही ओरडतेय.”

“गोड्या पाण्याने धुतली होतीस?”

“पुसली होती. पण वॉटरप्रूफ आहे ना ती!”

या एका शब्दाने खूप गाड्या गेल्या आहेत. खोक्यावरचा तो दावा फक्त इलेक्ट्रॉनिक्सपुरता असतो. बेअरिंग, स्क्रू, ॲक्सल, मोटरची बुशिंग (दांडा ज्यांत फिरतो त्या कड्या), बॅटरीचे प्लग यांपैकी काहीही त्यात धरलेलं नसतं. शिवाय माहितीपुस्तिकेत बहुधा लिहिलेलंच असतं की खाऱ्या पाण्यात चालवू नका, आणि ओल्यात चालवल्यावर गाडी धुऊन, वाळवून बेअरिंगना वंगण द्या. ते पान कुणी वाचत नाही.

उघडल्यावर काय दिसलं

सगळ्यात आधी बॅटरी काढली. बिघडलेली ओली गाडी चालू करून ‘बघायची’ नसते. मुलाने घरी एकदा ती चालू केलीच होती, त्यामुळे किती नुकसान तेव्हा झालं आणि किती आधीचं, हे वेगळं काढणं हाच तपासाचा पहिला भाग झाला.

पुढचं उजवं चाक हाताने फिरवलं तर अर्ध्या फेरीत थांबलं. डावं फिरत होतं, पण आतून खरखर लागत होती. मागच्या ॲक्सलवर मुलाने हौसेने निळ्या रंगाचे ॲल्युमिनियमचे १२ मिलिमीटरचे हेक्स, म्हणजे चाक धरणारे षटकोनी तुकडे, बसवले होते. त्यांच्याभोवती पांढरी भुकटी जमली होती आणि ते ॲक्सलला घट्ट चिकटले होते. पोलादी ॲक्सल, ॲल्युमिनियमचा हेक्स आणि मधे खारं पाणी, म्हणजे एक छोटा विद्युतघटच तयार होतो. त्यात झीज होते ती ॲल्युमिनियमची. मूळचे प्लॅस्टिकचे हेक्स असते तर हे घडलंच नसतं. समुद्राजवळ गाडी नेणाऱ्यांनी प्रत्येक भाग धातूचा करण्याच्या मागे लागू नये, असं माझं ठाम मत आहे.

रिसीव्हरची डबी उघडली तेव्हा थरथरीचं कारण सापडलं. डबीच्या झाकणाखाली रबराची बारीक सील असते. त्या सीलखाली, एका कोपऱ्यात, रेतीचा एकच कण दबून बसला होता. कधीतरी आधी डबी उघडून बंद करताना तो अडकला असणार. तेवढ्या फटीतून पाणी आत गेलं. सर्व्होच्या प्लगमध्ये तीन पिना असतात आणि मधली धन, म्हणजे बॅटरीच्या पॉझिटिव्ह बाजूची. रिसीव्हरवरची ती मधली पिन हिरवी पडून खाल्लेली होती, दोन्ही बाजूच्या पिना त्यामानाने साफ. हे महत्त्वाचं आहे. पाणी नुसतं साचून गंज आला असता तर तिन्ही पिना सारख्याच बिघडल्या असत्या. वीज चालू असताना खारं पाणी मधे आलं की धन बाजूचं तांबं विरघळून निघून जातं. म्हणजे डबीत पाणी समुद्रावरच, गाडी धावत असताना शिरलं होतं.

ईएससीची सर्किटची पाटी रेझिनमध्ये पूर्ण बुडवलेली होती, तिला काही झालं नव्हतं. मात्र त्याच्या वायरीवर लोंबणारा चालू-बंदचा छोटा सरकता स्विच आतून हिरवा झाला होता. अशा ईएससीत हा स्विच सर्वांत दुबळा दुवा असतो, कारण रेझिन पाटीपुरतं असतं आणि स्विचच्या आत दोन उघड्या पत्र्या असतात.

मोटरच्या डब्याला हवेसाठी भोकं असतात. त्यांतून टॉर्च मारला तर आतल्या दोन्ही चुंबकांवर काळी दाढी वाढल्यासारखी रेती चिकटलेली दिसली. कोकणातल्या रेतीत पांढऱ्या कणांबरोबर काळे जड कणही असतात आणि त्यांतले काही लोहचुंबकीय असतात. पुळणीवर चुंबक फिरवून पाहिलंय त्याला ते ठाऊक असेल. हे कण पाण्याने वाहून जात नाहीत. चुंबकाला धरून बसतात आणि आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला गाभा, फिरताना घासतात. मोटर ओरडत होती ती त्यामुळे, आणि कोरड्या पडलेल्या बुशिंगमुळे.

बॅटरी शेवटी तपासली. कडक कवचाची लिपो, बॅलन्सच्या (प्रत्येक सेल वेगळा जोडणाऱ्या) प्लगमधली एक पिन हिरवी. मल्टिमीटरवर दोन सेलमध्ये मोठा फरक निघाला. एक सेल ठीक, दुसरा बराच उतरलेला.

सुकलं म्हणजे संपलं नाही

मुलाचा प्रश्न रास्त होता. “पाणी तर त्याच दिवशी सुकलं होतं. मग गंज नंतर कसा आला?”

समुद्राच्या एका लिटरात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. गाडीच्या सांध्यांत, टायरच्या स्पंजात, मोटरमध्ये मिळून नुसतं ५० मिलिलिटर पाणी अडकलं, तरी सुकल्यावर पावणेदोन ग्रॅम मीठ मागे राहतं. त्यातलं बहुतेक साधं मीठ असतं, पण सुमारे दहावा हिस्सा मॅग्नेशियम क्लोराइडचा असतो. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून पाघळू लागतं. मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाघळायला लागतं. पुण्यात मेमधल्या दुपारी हवा कोरडी असते, त्यामुळे गाडी सुकलेली वाटली. पाऊस सुरू झाला, आर्द्रता चढली आणि पिशवीतली गाडी पुन्हा खाऱ्या पाण्यात भिजली. वरून एक थेंबही न पडता. कोकणात राहणाऱ्याच्या घरी तर ती पावसाळाभर अशीच ओली राहील.

डब्ल्यूडी-४० बद्दल इथेच लिहितो, कारण जवळजवळ प्रत्येकाच्या घरी तो डबा असतो. १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीने तो बनवला. नावातली पहिली दोन अक्षरं पाणी हटवण्याच्या गुणाची आणि चाळीस हा त्या कृतीचा क्रमांक. ॲटलास क्षेपणास्त्राच्या बाहेरच्या पत्र्याला गंज लागू नये, हा उपयोग. पाणी हटवण्याचं ते काम तो अजूनही चोख करतो. पण मीठ तेलात विरघळत नाही. मीठ धुण्याआधी फवारा मारला तर मिठावर तेलाचा पापुद्रा बसतो, आणि नंतर गोडं पाणीही त्या मिठापर्यंत नीट पोचत नाही. शिवाय बेअरिंगमध्ये गेला की तो आतलं ग्रीस पातळ करून बाहेर काढतो. म्हणून क्रम आधी गोडं पाणी, मग पाणी हटवणारा फवारा, मग खरं वंगण असाच हवा. मुलाने मधली पायरी पहिली केली होती आणि उरलेल्या दोन केल्याच नव्हत्या.

धुणं

गाडी पूर्ण सुटी केली. गंजलेल्या स्क्रूवर घाई केली की स्क्रूचा षटकोनी खड्डा गोल होतो, ॲलन की नुसतीच फिरते आणि मग ड्रिल करण्याशिवाय मार्ग राहत नाही. त्यामुळे प्रत्येक स्क्रूच्या षटकोनी खड्ड्यातली रेती आधी टाचणीने काढली, भेदक तेलाचा थेंब सोडला आणि रात्रभर ठेवलं. काम चांगल्या प्रतीच्या २ आणि २.५ मिलिमीटरच्या ॲलन कीनेच केलं. गाडीबरोबर येणारी वाकडी की या कामाला नको. चिकटलेले हेक्स गरम पाण्यात बुडवून, हळूहळू दोन्ही बाजूंना हलवत सुटले. एक सुटताना तडकला.

चासी, आर्म, टायर, गिअरबॉक्सचं कवच हे सगळं कोमट पाण्याच्या टबात घातलं, त्यात भांडी घासायच्या द्रवाचे थोडे थेंब. तेलाचा पापुद्रा निघायला साबण लागतोच. रंगकामाचा जुना ब्रश आणि दात घासायचा ब्रश, एवढी हत्यारं पुरतात. गाडी धुणाऱ्यांकडचा जोरदार पाण्याचा पंप अजिबात वापरू नये. पाण्याचा तो झोत बेअरिंगच्या झाकणातून रेती आत ढकलतो. पंक्चरवाल्याकडच्या हवेचंही तेच. हवा मारायची तर तिरकी आणि लांबून. हवेने बेअरिंग गरगर फिरवून आवाज ऐकण्याची मजा तर नकोच, कारण कोरडं बेअरिंग तेवढ्याने खराब होतं.

मीठ निघालं की नाही हे डोळ्यांना कळत नाही. इथे पाण्यातले क्षार मोजणारा घरातलाच टीडीएस मीटर कामी आला, पाण्याचा फिल्टर तपासायला घेतलेला. नळाच्या पाण्याचा आकडा आधी लिहून ठेवायचा, भाग पाण्यात भिजत ठेवायचे, मग टबातल्या पाण्याचा आकडा पाहायचा. पहिल्या पाण्यात तो नळाच्या कितीतरी पट आला. पाणी बदलत गेलो तसा खाली आला. नळाच्या जवळपास पोचल्यावर थांबलो. साबण असलेलं पाणी अर्थातच मोजायचं नाही, त्यातही क्षार असतात.

सर्वांत उशीर टायरांनी लावला. टायरच्या आत स्पंज असतो आणि रिमच्या भोकांतून पाणी आत जातं. चारही चाकं बुडवून, दाबून, पिळून, पुन्हा बुडवावी लागली. पहिल्यांदा पिळल्यावर बाहेर पडलेलं पाणी गढूळ होतंच, त्याला वासही होता. नंतर टायरच्या मध्यरेषेवर समोरासमोर दोन ठिकाणी तीन-चार मिलिमीटरची भोकं पाडली. चाक वेगात फिरलं की पाणी त्या भोकांतून बाहेर फेकलं जातं. रिमची भोकं आतून टेपने बंद केली.

रिसीव्हरची पाटी वेगळी धुतली. हिरव्या डागांवर पांढऱ्या व्हिनेगरचा थेंब, मऊ ब्रश, मग डिस्टिल्ड वॉटर, इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळतं तेच. शेवटी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. ते उरलेलं पाणी आपल्याबरोबर घेऊन उडून जातं. हे खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब करावं, आणि वास पूर्ण जाईपर्यंत वीज जोडू नये. बरेच जण या कामाला पेट्रोल वापरतात. पाटीचं माहीत नाही, पण गाडीची पारदर्शक पॉलिकार्बोनेटची बॉडी पेट्रोलने बारीक बारीक तडकते आणि पुढच्या धडकेत फुटते. बॉडीला साबणाचं पाणीच द्यावं.

वाळवण्यासाठी पंखा. जूनमध्ये ऊन कुठलं मिळणार? भाग जाळीवर पसरून टेबलफॅन लावून ठेवला. काहीजण पाट्या तांदळात पुरून ठेवतात. त्याने धान्याची पूड भोकांत शिरते, मीठ मात्र जागेवरच राहतं. वाहती हवा त्याहून कितीतरी चांगली.

काय वाचलं, काय गेलं

चाकांत पुढे चार आणि मागे चार बेअरिंग असतात, सगळी ५×११×४ मिलिमीटरची. या गाडीत ती पत्र्याच्या झाकणाची होती. पत्रा आणि आतली कडी यांच्यामध्ये फट असते, रेतीचा बारीक कण त्यातून सहज जातो. पुढची चारही गेली होती. गोळ्यांवर लाल ठिपके पडले होते. असं बेअरिंग धुऊन काही दिवस गोड फिरतं, पण खड्डा पडलेला गोळा पुन्हा गुळगुळीत होत नाही. मागची तीन वाचली. टाचणीने झाकण काढलं, अल्कोहोलमध्ये धुतली, वाळवली, बोटावर धरून हळू फिरवली. खडखड नाही असं वाटल्यावर ग्रीस भरलं.

रिसीव्हरची मधली पिन इतकी झिजली होती की सर्व्होचा प्लग दुसऱ्या वाहिनीच्या (चॅनलच्या) पिनांवर लावूनही रिसीव्हर भरवशाचा राहिला नसता. गाडी ऐन वेगात असताना स्टेअरिंगचा संपर्क तुटणं हे लोकांच्या पायांना धोक्याचं आहे. बदलला. सर्व्हो वाचला. तळाचे चार लांब स्क्रू काढल्यावर आत ओल नव्हतीच. म्हणजे थरथर सर्व्होची नव्हतीच, त्या पिनेची होती. नवा सर्व्हो मागवायला निघालेल्या मुलाचे पैसे तिथे वाचले.

मोटरमधली काळी रेती काडीला दुहेरी टेप गुंडाळून जमेल तेवढी काढली, पण बुशिंग सैल झाली होती आणि ब्रशच्या स्प्रिंगला गंज होता. ब्रशवाली ५५० मोटर ही झिजणारीच वस्तू आहे, तिच्यावर जास्त वेळ घालवण्यात अर्थ नाही. ईएससीचा स्विच कापून त्याच्या दोन वायरी जोडल्या, सोल्डर केलं, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली. आता प्लग लावला की गाडी चालू. साध्या दोन वायरींच्या सरकत्या स्विचलाच हे चालतं, दाबायच्या बटणाच्या ईएससीला नाही. शिवाय तेव्हापासून शिस्त अशी की आधी रिमोट चालू, मग बॅटरीचा प्लग.

शॉक ॲब्सॉर्बरमधलं तेल दुधाळ झालं होतं. दांड्यांवर उभ्या बारीक रेघा होत्या, पण बोटाला लागण्याइतक्या नव्हत्या. सील बदलून नवं सिलिकॉन तेल भरलं.

बॅटरीवर मात्र मुलाशी थोडी वादावादी झाली. “एकच सेल उतरलाय काका, चार्जरवर बॅलन्स करून बघू ना.” मी नाही म्हटलं. कवचाच्या आत खारं पाणी गेलेलं आहे, बॅलन्सच्या पिनांमधून तो सेल हळूहळू रिकामा होत राहिला आहे, आणि आतल्या जोडांची अवस्था आपल्याला दिसत नाही. अशी लिपो चार्ज करणं म्हणजे घरात आग लागायची शक्यता आपणहून घेणं. मोटारीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब जोडून, बाल्कनीत, लाद्यांवर, समोर बसून ती पूर्ण उतरवली आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे दिली. कचऱ्याच्या डब्यात लिपो टाकू नये, कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर पेटते.

पुन्हा जोडताना

नवी बेअरिंग रबराच्या झाकणाची घेतली. ती किंचित जड फिरतात. शर्यतीवाल्यांना ते चालत नाही, पण चिखलात खेळणाऱ्याला त्याचं काय? त्यांतही झाकण काढून पाण्याला टिकणारं ग्रीस थोडं जास्त भरलं. नव्या रिसीव्हरच्या पाटीवर सिलिकॉनचं संरक्षक लेपन दिलं, पिनांवर आधी टेप लावून, कारण पिनेवर लेप बसला तर संपर्कच होत नाही. डबीच्या सीलला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला आणि वायरी बाहेर येतात तिथे थोडं जास्त. प्लगच्या आतही तेच ग्रीस. लेप सुकल्यावर डबी बंद करण्याआधी सीलची खाच पुन्हा फडक्याने पुसली. एका कणाने काय केलं ते पाहिलं होतंच.

हेक्स परत प्लॅस्टिकचे बसवले. धातूत जाणाऱ्या स्क्रूंना निळं थ्रेडलॉक. ते स्क्रू सैल होऊ देत नाही आणि फटीत पाणीही जाऊ देत नाही. प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूंना ते लावायचं नाही. पिनियन आणि स्पर गिअरवरचं झाकण मुलाने कधीतरी काढून ठेवलं होतं, ते शोधून बसवायला लावलं. शॉकच्या दांड्यांवर रबरी घड्यांचे मोजे.

मुळशीचा चिखल

जुलैत तो गाडी मुळशीकडे घेऊन गेला, बरोबर माझा झाडांवर फवारणी करायचा पाच लिटरचा हातपंप. इथे पाणी गोडं, मीठाचा प्रश्न नाही, पण मातीचा आहे. मातीबाबत दोन मतं आहेत. एक म्हणतं लगेच धुवा, दुसरं म्हणतं सुकू द्या आणि ब्रशने झाडा. दोन्ही बरोबर, माती कोणती यावर ठरतं. डोंगरउतारावरची तांबडी, मुरमाड माती सुकली की ब्रशने भुरभुर पडते. तिला पाणी घातलं तर उलट ती सांध्यांत वाहत जाते. देशावरची काळी माती मात्र ओली असताना फुगते आणि सुकताना आकसून विटेसारखी घट्ट बसते. ती लागलेली गाडी तिथेच, ओली असतानाच धुवावी. समुद्राच्या बाबतीत मत एकच: जागेवर गोडं पाणी, आणि घरी आल्यावर पुन्हा.

त्या दिवशीची माती तांबडी होती. मुलाने बॅटरी काढली, चाकं पिळली, घरी आणून गाडी रात्री पंख्याखाली ठेवली, सकाळी ब्रशने झाडली, बेअरिंगच्या कडांना तेलाचा एकेक थेंब दिला. लिपो प्रत्येक सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवली. गाडी आता पिशवीत नाही, कपाटावर उघडी असते.

गिअरबॉक्समधलं एक बेअरिंग अजून खटकतंय. जूनमध्ये उघडला तेव्हा आतलं ग्रीस शाबूत होतं, पण बाहेर निघणाऱ्या उजव्या दांड्याजवळचं बेअरिंग किंचित खरखरत होतं. त्या मापाचं तेव्हा मिळालं नाही म्हणून धुऊन, ग्रीस भरून तेच परत बसवलं. मुळशीहून आल्यावर पुन्हा उघडून पाहिलं. खरखर वाढलेली नाही, गंज नवा नाही. नवं बेअरिंग मागवलंय, ते आलं की बदलायचं. तोपर्यंत काशीदला जायचं नाही, असं आमचं ठरलंय.